टाकीत न टिकलेला दिवा

सोमवार सकाळ, मूल गावाजवळची एक राइस मिल. जुन्या टाकीचा सौदा चार लाख दहा हजारांचा, निम्मे आधीच दिलेले. हजर चौघे: मिलचे मालक नामदेवभाऊ, त्यांच्या पत्नी शांताबाई, फिटर सलीम आणि मी. जुनी यंत्रसामग्री तपासून रिपोर्ट देणं हा माझा व्यवसाय. माझी सही झाली की उरलेले निम्मे जाणार होते.

भाऊंना कोंड्याचं तेल साठवायला टाकी हवी होती. कोकण किनाऱ्यावरच्या एका बंद तेल कारखान्यातून ही उभी लोखंडी टाकी ट्रेलरवर आली होती. पत्र्याची जाडी मी खालपासून वरपर्यंत गेजने मोजली. कुठेच कमी भरली नाही.

राहिलं आतलं. मी आणि सलीम शिडीने वर गेलो. त्याने मॅनहोलचं, म्हणजे माणूस उतरेल एवढ्या तोंडाचं, झाकण उघडलं.

"भाऊ, सडक्या मासोळीचा वास येऊन राह्यला."

"समुद्राकाठची टाकी आहे बाबा," भाऊ खालून म्हणाले. "मोगऱ्याचा येईन का?"

उतरण्याआधी शांताबाईंना टाकीच्या पोटात दिवा हवा होता. नवी कोठी असो की नवं भांडं, त्यांच्याकडे आधी आत दिवा लागतो. सलीमने दिवा छोट्या बादलीत ठेवून दोरीने सोडला. विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला.

"हे काही बरं लक्षण नाई," शांताबाई म्हणाल्या.

"वारा असंन," भाऊ म्हणाले.

"थांबा बाई, मी आत जाऊन खालीच लावतो." सलीमने एक पाय मॅनहोलमध्ये टाकलाही.

मी दोरी पाहत होतो. दोन्ही वेळा दिवा सारख्याच खोलीवर विझला होता. बंद टाकीत वारा कुठला?

"सलीम, पाय काढ."

"काऊन साहेब? तुमी पण लक्षणं पाहाले लागले का?"

"पाय काढ आधी."

हवाबंद टाकीत लोखंड गंजतं, तेलाचा गाळ सडतो. दोन्ही मिळून आतला प्राणवायू संपवतात. आत उतरलेला माणूस हाक मारायच्या आधी पडतो. आणि आत पेटणारा वायू असता, तर त्या दिव्यानेच आम्ही सगळे गेलो असतो. हे दुसरं मला खाली उतरल्यावर सुचलं.

सौद्याआधी ज्याला मी पत्र्याची जाडी विचारली होती, त्या कारखान्याच्या जुन्या मुकादमाला मी फोन लावला. स्पीकर चालू ठेवला.

"टाकीत तेल कसलं होतं?"

"माशाचं. मालकांच्या आजोबांच्या वेळी किनाऱ्याला लागलेला मेलेला देवमासा कापून उकळायचे. ते तेल दिव्यांना जायचं. पुढे तारली माशाचं तेल, होड्यांना फासायला. त्यावरच कारखाना चालला."

"मग बंद का पडला?"



"अशा दोन टाक्या होत्या. दुसरीत एक जण गाळ काढायला उतरला, तो पडला. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला. दोघेही गेले. त्याच दिवशी मालकांनी या टाकीचं झाकण बोल्ट आवळून बंद केलं. आता उघडलीत ती तुम्हीच."

"आधी काऊन नाई सांगितलं?" नामदेवभाऊंनी फोनजवळ येऊन विचारलं.

"तुमच्या इंजिनिअरनी जाडी विचारली. आम्ही जाडी सांगितली."

सलीम पोत्यावर बसून आपला तो पाय पाहत होता.

मी सही केली नाही. मॅनहोलचं झाकण पुन्हा आवळलं, वर लाल रंगात 'आत उतरू नये' लिहिलं आणि टाकी परत पाठवली. पत्रा आजही उत्तम असेल. आता मी गेज बाहेर काढण्याआधी दोन गोष्टी विचारतो: यात काय होतं, आणि बंद का पडलं.

भाऊंचे निम्मे पैसे ट्रेलरभाडं कापून परत आले. माझी फी मी घेतली नाही. सलीमच्या हातावर भाऊंनी दिवसाची पूर्ण हजेरी ठेवली, सातशे रुपये.

"काम तं झालंच नाई भाऊ. हे कायचे?"

"न उतरल्याचे," भाऊ म्हणाले.