मालकांच्या पाठीतली सुई

आमचं मालक, म्हंजे माझं घरधनी आकाराम, चाळीस वर्षं गंगावेशीच्या दुधाच्या कट्ट्यावर म्हशींची धार काढत्यात. गिऱ्हाईक पेला घेऊन समोर उभं ऱ्हातं, त्याच्या डोळ्यांदेखत म्हस पिळायची आन् फेसासकट पेला त्याच्या हातात द्यायचा. चाळीस वर्षांत थेंबभर पाण्याचा संशय कुणी घेतला न्हाई. असला माणूस माझ्यादेखत धडधडीत खोटं बोलला.

दोन वर्षं झाली, ह्यांची कंबर धरलीती. उकिडवं बसायला जमायचं, पण उठताना म्हशीच्या अंगाला रेटून, दात खाऊन उठायचं. औषधं, शेक, मालिश, समदं झालं. शेवटी मीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

तिथं मैथिली डॉक्टर हायत, लेकीच्या वयाच्या. त्यांनी पाठीचं फोटो बघितलं, पाठ दाबून बघितली आन् म्हणाल्या, "काका, मणक्याच्या मागचे बारीक सांधे झिजलेत असं दिसतंय. आधी त्यांच्या नसांपाशी बधिर करायचं इंजेक्शन देऊ. ही नुसती परीक्षा. काही तास दुखणं गेलं, तर ते तिथलंच. मग रेडिओफ्रिक्वेन्सी करू, म्हणजे सुईच्या टोकानं त्या नसा तापवायच्या. दुखणं कळवायचं त्यांचं काम बरेच महिने बंद पडतं."

"तापवायच्या म्हंजे जाळायच्या?" मालकांनी विचारलं.

"तसंच समजा. पण पायांच्या नसा वेगळ्या, त्यांना आपण हात लावत नाही."

हे शेवटचं ह्यांच्या कानात गेलंच न्हाई. घामानं सदरा भिजला. आमच्या चंद्री म्हशीला एका अर्धवट शिकलेल्या माणसानं मागच्या पुठ्ठ्यात चुकीच्या जागी सुई टोचलीती. मालकांनीच तिला धरलं हुतं. चंद्रीचा मागचा पाय लुळा पडला, तो ओढतच ती गोठ्यातनं कायमची गेली. तवापासनं सुई दिसली की ह्यांचं तोंड पांढरंफटक पडतंय.

तरी परीक्षेचं इंजेक्शन घेतलं. डॉक्टरांनी बजावलं, "घरी जाऊन झोपू नका. ज्या कामानं दुखतं तेच करा, आणि दर तासाला दहापैकी किती दुखतं ते लिहा."

त्याच दिवशी सांजच्या पाच वाजता आम्ही कट्ट्यावर. मालकांनी दोन म्हशी पिळल्या आन् कशालाबी हात न लावता ताडकन उभं ऱ्हायलं. मी बघितलं की! क्षणभर त्यांचं तोंड उजळलं, आन् लगीच उतरलं. दुखणं गेलं म्हंजे आता जाळणार, हे त्यांच्या ध्यानात आलं. खिशातनं कागद काढून त्यांनी लिवलं, आठ.

मी बघून न बघितल्यागत केलं. भ्या मलाबी हुतंच.

चार दिवसांनी डॉक्टरांनी कागद बघितला. "काहीच फरक नाही? मग दुखणं या सांध्यांचं नाही. हा उपाय तुमच्या कामाचा नाही."

मालकांनी खुशीत टोपी घातली, उठायला गेलं आन् अर्ध्यातच अडकलं. टेबलाला धरून "आई गं!" म्हणून कळवळलं. माझं डोस्कंच फिरलं.

"मुडदा बशिवला त्या कागदाचा! खोटं हाय ते, बाई! त्या दिवशी ताडकन उठलं हुतं हे, माझ्या डोळ्यांनी बघितलंय!"

मालक खाली मान घालून बसलं. "भ्या वाटतंय," ते म्हणालं. "पाय गेलं तर मी कसा जगू?"

डॉक्टर रागावल्या न्हाईत. "भ्यायचं तर भ्या, काका. पण मला खोटा आकडा दिलात तर मी कशावरून ठरवू, सुई कुठं घालायची?"

पुढच्या आठवड्यात परीक्षा परत झाली. ह्या वेळी कागदावर एकचा आकडा आला, खराखुरा. तापवायची तारीख मिळाली.

त्या दिवशी आतल्या खोलीच्या दारात मालकांनी माझा हात गच्च धरला. "तुझ्या शब्दावर चाललोय बघ," म्हणालं आन् आत गेलं.

बया! मग खरं भ्या काय असतंय ते मला कळलं. मी गप बसायचं हुतं. काय बरंवाईट झालं तर ह्या माणसाचं पाय माझ्या जिभंनं घालवलं असं झालं असतं. आतनं डॉक्टरांचा आवाज यायचा. नस तापवायच्या आधी बारीक करंट सोडून, सुई पायाच्या नसंजवळ न्हाई ना, ते बघत हुत्या. "काका, पायात काही जाणवतंय?" "न्हाई." "आता?" "न्हाई, पाठीतच." मग आवाजच बंद झाला. मी दाराला कान लावला. काय न्हाई. देवाचं नावबी आठवंना.

दार उघडलं. मालक चाकाच्या खुर्चीत.

नर्स म्हणत हुती, "अहो मावशी, सगळ्यांनाच खुर्चीतनं आणतो," पण माझ्या कानात काय शिरंना. तिथंच फरशीवर बसून मी त्यांच्या पायाचा अंगठा धरला आन् नखानं जीव खाऊन चिमटा काढला.

"आयाया! अगं ए! रगात काढतीस का काय?" मालक बोंबललं आन् पाय मागं वढायला लागलं.

त्यांनी किती वढला, तरी मी अंगठा सोडला न्हाई. समदा दवाखाना बघत हुता, आन् माझं फरशीवर बसून मोठ्यानं रडणं चाललं हुतं.