वहिनीच्या नावचं पत्र
काल कपाट आवरताना ते जुनं पाकीट हाताला लागलं. त्यावरचं नाव न वाचताच मी ते फोडलं होतं. धाकटा भाऊ तेव्हा परदेशातल्या यादवीत, शांतिसेनेच्या छावणीवर होता. त्याची पत्रं आईला मोठ्यानं वाचून दाखवायचा मान माझा. पत्रात कायम व्हॉलीबॉल आणि रविवारचं मटण. त्या दिवशीही खणखणीत सुरुवात केली, “वहिनी, काल छावणीवर गोळे पडले, माझ्या तंबूतला जोडीदार गेला. दादाला सांगू नका, त्याच्या पोटात काय ऱ्हात न्हाय.” शेंगा फोडता फोडता आई थांबली. “मग ते मटण?” भाऊ पुढं सुखरूप परतला, पण त्या दिवशी मी बायकोवरच उखडलो, “दोघांनी मिळून मला फसवलं व्हय!” ती शांतपणे म्हणाली, “आईस्नी वाचून कुणी दाखवलं? मग भावजींनी खोटं काय लिहिलंतं?”