मामांची बोटीवरची गॅलरी

आमच्या मामांनी आयुष्यात कुणाचं दार वाजवलेलं नाही आणि स्वतःचं कुणाला वाजवू दिलेलं नाही. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. वय सत्तरीच्या पुढे, गाव मालवणकडचं आणि मुक्काम जन्मापासून घोडपदेवच्या चाळीत. सकाळी दूधवाल्याच्या आधी त्यांचं दार जे उघडतं ते निजानीज होईपर्यंत तसंच. त्या दारातून मांजर येतं, उत्सवाची वर्गणी मागणारे येतात आणि मजला चुकलेले परके पाहुणे येतात, तेही जेवूनच जातात. दिवसाढवळ्या दार बंद असलं तर मामांच्या लेखी त्याचे दोनच अर्थ: घरात भांडण लागलंय, नाहीतर मंडळी गावी गेलीत. एकदा शेजारच्या नव्या जोडप्याने भर दुपारी दार लावून घेतलं. मामांनी खिडकीचा पडदा सारून आपुलकीने विचारलं, "कोणाला बरं नाही काय?" ते जोडपं पुढे कितीतरी दिवस खाली बघूनच जिना चढत होतं.

अशा माणसाच्या नशिबी बाविसावा मजला आला. चाळीमागे टॉवर उभा राहिला, रहिवाशांना घरं मिळाली, निम्मी चाळ वर राहायलाही गेली. मामांनी आपली किल्ली देवाच्या फोटोमागे सरकवून दिली. "झाकण लावून ठेवायला मी काय लोणचं आहे?" एवढंच त्यांचं म्हणणं. मामींचं म्हणणं वेगळं होतं. त्यांचे गुडघे गेलेले आणि चाळीतला संडास गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला. "मला एक दार द्या आणि आतून लावायला कडी," त्या म्हणायच्या, "बाकी स्वर्ग तुमचा तुम्हाला." शेवटी मुलाने आईवडिलांना पंधरवड्याची समुद्रसफर भेट दिली. सोबतीला आम्ही नवराबायको. निघण्याआधी मामींनी मला बाजूला घेतलं. "जावईबापू, बोटीत हे बंद खोलीत राहिले, तर परत आल्यावर टॉवरला नाही म्हणायला तोंड उरणार नाही. तुम्ही फक्त दाराकडे लक्ष ठेवा." म्हणजे मी सुट्टीवर नव्हतो, पहाऱ्यावर होतो.

मामांनी लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटी पकडलेल्या. तेव्हाची रीत अशी, की बोटीत पाय पडताच वडिलांनी धावायचं आणि डेकवर वळकटी फेकून जागा धरायची. बॅलार्ड पिअरला आमची बोट लागली. हॉटेलासारखी उंच, काचेच्या लिफ्टांची. आत शिरताच हातात सरबताचे पेले आले आणि सरबत संपेपर्यंत मामा नाहीसे झाले. सापडले थेट वरच्या मजल्यावर. पोहण्याच्या तलावाच्या कडेला सतरंजी अंथरलेली, चार कोपऱ्यांवर चार पिशव्या आणि मधोमध मांडी घालून मामा.

"चार जण सहज मावतील," ते म्हणाले. "चिमणीची बाजू मुद्दाम सोडली. काजळी येते."

"मामा, आपल्याला खोली आहे."

"ती सामानाला."

पांढऱ्या गणवेशातला एक अधिकारी येऊन अदबीने वाकला. मामा जरासे सरकले, शेजारची सतरंजी थोपटून म्हणाले, "बस."

त्यांना खाली आणायला आम्हा तिघांना घाम फुटला. आमच्या मजल्यावर लांबच लांब गालिचा आणि दोन्ही बाजूंना ओळीने बंद दारं. मामा थबकले. "मे महिना लागला काय?" त्यांनी हळूच विचारलं. "अख्खी चाळ गावी गेलेली दिसते."

खोलीचं दार स्प्रिंगचं होतं, सोडलं की आपोआप मिटायचं. मामांनी फटीत चप्पल घातली. मजल्याची व्यवस्था बघणारे एक जाडगेले केरळी गृहस्थ होते. त्यांनी ती काढून जोडीला जोड लावून ठेवली. मामांनी पुन्हा घातली. दोन दिवस हे युद्ध चाललं, दोन्ही बाजूंनी हसतमुखाने. मग एक साहेब आगीचा नियम सांगायला आला. मामांनी नियम माझ्याकडून मराठीत करून घेतला, विचार केला आणि म्हणाले, "साहेबाला विचारा, आग लागली तर दार उघडं असलेलं बरं की बंद?" साहेबाला हसू आलं, नियमाला नाही. अखेर दार बंद झालं, पण मामा बाहेर राहिले. गंजीफ्रॉक, चौकड्याची लुंगी आणि खोलीतली मखमली खुर्ची अशा थाटात त्यांनी त्या गालिच्यावर गॅलरी थाटली. येणाऱ्याजाणाऱ्याला एकच प्रश्न, "जेवलास काय?" त्या बोटीवर माणसं दिवसातून सहा वेळा जेवत होती, त्यामुळे उत्तर कधी नकारार्थी यायचं नाही आणि गप्पा तिथून पुढे सरकायच्या. तिसऱ्या दिवशी खुर्चीभोवती दहा माणसं बसलेली. गालिच्यावर पत्ते पडले. एका सुरतच्या बाईंनी खाकऱ्याचा डबा फिरवला. केरळी गृहस्थ तर आपल्या मुलीच्या स्थळाबद्दल मामांचा सल्ला घेऊ लागले, कुठल्या भाषेत ते मला अजून कळलेलं नाही.

तिथेच परळची दोन कुटुंबं भेटली. एकाने दुसऱ्याला विचारलं, "परळला कुठे?" त्याने टॉवरचं नाव सांगितलं. "अरे, आम्हीही तिथेच. विंग?" विंग एकच निघाली. मजलाही एकच निघाला. वर्षानुवर्षं समोरासमोर राहत होते आणि ओळख व्हायला भर समुद्रात मामांची खुर्ची लागली. "म्हणजे ते लाल चपलांचं रॅक तुमचं?" एवढंच एकाला सुचलं.

मामांनी माझ्याकडे विजयी नजर टाकली. "ऐकलंत, जावईबापू? वर गेलं की माणसाचं हे असं होतं."

दारात उभ्या मामींनीही ते ऐकलं होतं. "झालं," त्या मला म्हणाल्या, "किल्ली आता फोटोमागेच राहणार." आणि दार लावून आत गेल्या.

कोचीन सोडलं त्या दुपारी त्या आमच्या आधीच जेवून खोलीकडे गेल्या. मी आणि मामा मागाहून आलो. दाराशी मामा थांबले, कान देऊन ऐकू लागले.

"इंजिन बिघडलं काय?"

"मामा, मामी घोरतायत."

"ती घोरत नाही."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर गॅलरीत झोपता."

मी हे गमतीने बोललो. पण ते खरंच होतं. लग्नानंतरही ते, भाऊ आणि वडील असे सगळे पुरुष गॅलरीतच पथारी टाकायचे. पुढे घर रिकामं झालं तरी सवय राहिली; बोटीवरही रात्री ते बाहेर खुर्चीतच झोपायचे. त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

"दुपारची आडवी झालेली मी तिला बघितली नाही," ते म्हणाले, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरची गोष्ट सांगत होते. "सासू होती, दीर होते. मग शेजारीपाजारी. दार उघडं असायचं ना. माणसं येणारजाणार, त्यात बाईने लवंडायचं कुठे? बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकायची. मला वाटायचं, तिला झोप कमी लागते."

तेवढ्यात परळवाली मंडळी पत्ते घेऊन हसत आली. मामांनी बोट ओठांवर ठेवलं. "नंतर या," ते कुजबुजले. "आत माणूस झोपलंय." मामांनी कुणाला दारातून परत पाठवलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आता ते बाविसाव्या मजल्यावर राहतात. मामी दुपारी कडी लावून झोपतात. मामा खुर्ची घेऊन बाहेर लिफ्टसमोर बसतात. सोसायटीने दोनदा हरकत घेतली, तिसऱ्यांदा सेक्रेटरीच कंटाळला. त्या मजल्यावर येणारंजाणारं फारसं कुणी नाही. लिफ्ट थांबते, कुणीतरी फोनकडे बघत बाहेर पडतं, मामा "जेवलास काय?" म्हणतात आणि ते माणूस दचकून आपल्या दाराचं कुलूप चाचपतं. परवा मी गेलो तेव्हा मामा एकटेच बसले होते. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हाताने थांबवलं, बंद दाराकडे मान वळवून क्षणभर ऐकलं आणि खुर्चीवर जरा सरकून मला जागा करून दिली.