बस्ता म्हणजे बसूनच!

साड्या विकणाऱ्या बाईकडे साड्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. साड्या निदान सेलमध्ये निघून तरी जातात, किस्से कुठं जाणार? गोंदियातल्या एका मॉलच्या पहिल्या मजल्यावर, साड्या, कुर्ते, चादरी असं सगळं विकणाऱ्या शोरूममध्ये मी सात वर्षांपासून आहे. पोस्ट सेल्सगर्लची. गर्ल म्हणे! लागले तेव्हाच बेचाळीसची होते. त्याआधी घरी बसून शेजारणींच्या साड्यांना फॉल लावायची. आयुष्यातली पहिली नोकरी, म्हणून मला तिचा भारी अभिमान!

* * *

मॉल नवा होता तेव्हा मे महिन्यात पाय ठेवायला जागा नसायची. पण खरेदीला कोण येत होतं? सगळे एसीला! एक म्हातारबा रोज दुपारी जेवून यायचे, ट्रायल रूमबाहेरच्या सोफ्यावर झोपायचे आणि चारला उठून जायचे. एक दिवस एसी बिघडला. म्हातारबा तडक काउंटरवर.

"काऊन व बाई, आज दुकान बंद हाय का?"

"नाही बाबा, चालू आहे ना!"

"मंग तुमी आज विकून काय राहिले?"

* * *

मग मोबाईलवर खरेदी सुरू झाली आणि मॉल ओस पडायला लागला. आधी चपला-जोड्यांचं दुकान गेलं, मग खेळण्यांचं, मग खायचे स्टॉल. सरकता जिना सरकायचा थांबला.

त्या दिवसांत एक कॉलेजची पोरगी आली. चार कुर्ते घालून पाहिले, आरशात फोटो काढले, लेबलांचेही काढले, आणि आमच्यासमोरच मोबाईलवर ऑर्डर टाकून गेली. वर "थँक्यू आंटी!" आठवड्यानं तीच पोरगी पार्सल घेऊन परत.

"आंटी, हा घट्ट होऊन राहिला. तुमच्याकडे बदलून मिळेल का?"

माझ्याबरोबर काम करणारी वर्षा कुडव्याची, जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "हाव, मिळते ना! मोबाईल दे हिकडं. ज्याच्यातून निघाला त्याच्यातच कोंबतो!"

* * *

खाली गेटवर आमचे वॉचमन बिसेन काका. आसपासच्या लोकांना घरपोच पार्सलं यायची, घरी कोणी नसलं की कुरियरवाले ती काकांकडे ठेवायचे. हळूहळू काकांच्या टेबलावर डोंगर व्हायला लागला. संध्याकाळी लोक रांग लावून न्यायला यायचे. वर आम्ही चौघी माशा मारत बसलेल्या, नव्हे, उभ्या. कारण स्टाफनं बसायचं नाही असा नियम!

एकदा एका बाईनं काकांना विचारलं, "वर काही दुकान आहे का हो?"

काका म्हणाले, "हाय ना. पण गर्दी इथंच राहते!"

* * *

आणि मग हेड ऑफिसचं पत्र आलं. तीन महिन्यांत विक्री वाढली नाही तर शोरूम बंद, चौघींना रामराम. खरं सांगते, मला रडू आलं. त्याहून जास्त राग आला. सात वर्षं पायांचे तुकडे पडेस्तोवर उभी राहिले, ते काय पुन्हा घरी फॉल लावायला?

त्याच आठवड्यात दवनीवाड्याहून एक कुटुंब आलं. नातीचं लग्न, बारा-तेरा माणसं, पुढं आजी. लग्नाचा सगळा कपडा, म्हणजे अख्खा बस्ता घ्यायचा होता. आम्ही खुश! वर्षानं हँगरवरची एक साडी काढून आजीसमोर धरली. आजी पाहीचना.

"गादी कुठं हाय?"

"आजी, मॉलमध्ये गादी नसते. उभ्यानंच पाहायचं."

"उभ्यानं बैल पायतेत, बाई! बस्ता मनजे बसूनच! चाला गा, दुसरीकडं जाऊ."

वळली की म्हातारी! मी म्हटलं, "आजी, पाच मिनिटं थांबा!" चादरींच्या सेक्शनमधल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी काढल्या आणि फरशीवर अंथरल्या. चार पुतळे उचलून ट्रायल रूममध्ये कोंडले. बाहेरच्या टपरीवरून चहा मागवला. आणि नियम गेला खड्ड्यात, मीही मांडी घालून बसले!

पाच तास चाललं. भांडणं झाली, रुसवेफुगवे झाले, दोन पोरं साड्यांच्या ढिगात झोपली. जाताना आजी म्हणाली, "आता दुकान वाटून राहिलं!"

* * *

मग काय विचारता! आजीनं गावभर केलं, गावानं पंचक्रोशीभर. गाड्या भरभरून बस्ते यायला लागले. बंद पडलेल्या जिन्याच्या पायऱ्यांवर नवरदेवाकडचे पुरुष तंबाखू मळत बसायचे. मोबाईलवाल्या पोरीही यायच्या, कारण मोबाईल साडी दाखवतो, पण "मावशीला ही नको देऊ, तिला राग येईल" हे कुठं सांगतो?

एक बाई भावावरून हटून बसली. वर्षानं सांगितलं, "मावशी, आमच्याकडे फिक्स रेट हाय."

"फिक्स तं आमचा नवरदेवबी होता! तोबी बदलला, मंग तुझा रेट काऊन नाई बदलत?"

शेवटी आम्ही ब्लाउजपीस फुकट दिला.

* * *

पण तीन महिने भरले आणि नागपूरहून रिजनल साहेब आले. विक्रीचे आकडे वर पोचलेच नव्हते की कोणी वाचलेच नव्हते, देव जाणे! हातात शोरूम बंद करायचं पत्र. समोर बघतात तर बिरसी गावचा बस्ता बसलेला, पंचवीस माणसं.

"ये सब क्या है? नीचे क्यों बैठे हैं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नवरीची आजी म्हणाली, "जोडे काढ गा आधी! लुगडे हायेत."

साहेबांनी बूट काढले.

"आमची पोरगी तुह्याएवढीच उंच हाय. उभा राय अस्सा!" म्हणत आजीनं हिरवा शालू त्यांच्या खांद्यावर टाकून पदर सोडला. पंचवीस माणसं मान वाकडी करून साहेबांना न्याहाळायला लागली. एक काकू म्हणाली, "रंग खुलून दिसते!" साहेब लाजले हो! चक्क लाजले!

"अन् हातात कायचा कागद हाय?"

मी सांगितलं, "आजी, दुकान बंद करायचा."

"दे हिकडं, वारा घ्याले होते," म्हणून आजीनं तो ओढून घेतला आणि वारा घेत बसली.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. हेड ऑफिस! खांद्यावर शालू, एका हातात पदर, दुसऱ्या हातात फोन.

"नहीं सर, अभी बंद नहीं कर सकते. बस्ता चल रहा है... कब तक?" त्यांनी फोनवर हात ठेवून आजीला विचारलं, "आजी, और कितना टाइम?"

"नवरीचं होईल आज. मंग घरी लग्नाच्या आनखी तीन पोरी हायेत!"

साहेबांनी फोन कानाला लावला.

"सर, और तीन लड़कियाँ हैं!"