वहिनीची पाठ आणि माझा पाय

दादाचा फोन आला तेव्हा मी शाळेतून नुकतीच घरी आले होते. "तुजी वैनी गेली गो..." एवढंच तो म्हणाला. अशा वेळी माणूस रडतं, कशी, कधी, असं काहीतरी विचारतं. मी विचारलं, "पाठीमुळं का रे?" तो गोंधळला. म्हणाला, "पाठीनं कोन मरतं? छातीत कळ आली." आज सहा आठवड्यांनी कबूल करते, रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं होतं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. अशा माणसानं पाठीला पाय लावला की उसण उतरते, असं आमच्या धसईकडं सगळे मानतात. वहिनी सापगावची, शहापूरच्या बाजूची. लग्न होऊन आली त्याच वर्षी आवणीत, भाताची रोपं लावता लावता, तिची कंबर धरली. मी तेव्हा कॉलेजात होते. आई म्हणाली, "घरात पायाळू पोर असताना डाक्तर कशाला? झोप गो पालथी." मोठ्या भावजयीच्या अंगाला पाय लावायचा म्हणजे मला घाम फुटायचा. तीनदा पाय लावायचा आणि लगेच वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवायचं, म्हणजे पाप फिटतं. त्यानंतर तिनं घटकाभर उठायचं नाही, नाहीतर गुण येत नाही, असा आजीच्या वेळेपासूनचा दंडक होता. पुढं माझं लग्न झालं, मुरबाडला शाळेत नोकरी लागली, तरी आवणीतल्या रविवारी मी धसईची एसटी पकडायचेच. वहिनी तशी अबोल, पण मला बघितलं की खुलायची. "आली का माजी डाक्तरीण?" म्हणायची आणि हात धुऊन माजघरात घोंगडी अंथरायची.

दहा-अकरा वर्षं अशी गेली. मग दुखणं कमरेतून डाव्या पायात उतरलं. पाऊल इतकं बधिर झालं की चप्पल निसटून मागं राहिली तरी तिला कळेना. मुरबाडच्या डॉक्टरांनी कल्याणला एमआरआय काढायला सांगितलं. त्या मशीनजवळ धातू चालत नाही, मंगळसूत्र काढा, असं तिथल्या बाईनं म्हटल्यावर वहिनीचं तोंड एवढंसं झालं. शेवटी मी धावत जाऊन दुकानातून काळा दोरा आणला, तिच्या गळ्यात बांधला, तेव्हा ती आत गेली. अर्धा-पाऊण तास आतून ठकठक, घरघर असे आवाज येत होते आणि दादा आणि मी बाहेरच्या बाकावर एकमेकांकडं न बघता बसलो होतो.

रिपोर्ट शनिवारी मिळाला, डॉक्टर भेटणार मंगळवारी. शहाण्या बाईनं पाकीट तसंच ठेवलं असतं. पण मी पडले मास्तरीण... डिक्शनरी घेऊन बसले. 'डिजनरेटिव्ह' म्हणजे ऱ्हास. 'कॉम्प्रेशन' म्हणजे दाब. आणि खाली एक ओळ होती, तिचा अर्थ मी लावला तो असा, की एक मणका पूर्वी कधीतरी दाबला जाऊन पुढून चेपलेला आहे. ती ओळ मी किती वेळा वाचली कोण जाणे. वहिनीच्या पाठीवर पाय देणारं या जगात माझ्याशिवाय कोण होतं? तीन दिवस मला घास गेला नाही. वहिनीला बजावलं, वाकू नकोस, हंडा उचलू नकोस, नुसती पडून राहा. का, ते सांगितलं नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत राहायची. "ताई, खरं सांग. मी लुळी पडनार का?" मी नाही म्हणायचे, पण माझा आवाज मलाच खोटा वाटायचा.

मंगळवारी डॉक्टरांनी ती काळी फिल्म उजेडावर धरली. मणक्यांमधल्या गाद्या दाखवल्या. काळी दिसते ती सुकलेली, म्हणाले. वय झालं की केस पिकतात तसंच हे, ज्यांचं काहीच दुखत नाही त्यांच्याही फिल्ममध्ये दिसतं. एक गादी फुगून नस दाबतेय, म्हणून पाय बधिर. बहुतेक औषधानं आणि व्यायामानं उतरेल, पडून राहू नका, चाला. मात्र पायातलं बळ जायला लागलं किंवा लघवी कळेनाशी झाली, तर एक दिवससुद्धा थांबू नका. मग त्या चेपलेल्या मणक्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे जुनं आहे, भरूनही आलंय. कधी पडला होतात का?" वहिनीनं शेजारी बसलेल्या दादाकडं पाहिलं. "नाय," ती म्हणाली. दुसऱ्या कशानं असं होतं का, हे मला विचारायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. विचारलं नाही.

पाय हळूहळू सुधारला. कंबर मात्र कायमची दुखरी राहिली, आवणीत जास्तच. पुढच्या वर्षी मी गेले तेव्हा तिनं घोंगडी अंथरली. मी म्हटलं, "आता नको गं, डॉक्टरांनी मना केलंय." डॉक्टरांनी असं काही म्हटलं नव्हतं. त्यांना आमचा हा प्रकार माहीतसुद्धा नव्हता. वहिनी "बरं" म्हणाली, घोंगडीची घडी केली आणि रोपांची मोळी घेऊन शेतावर गेली. नंतरही दोन-तीन वर्षं ती विचारत राहिली. "तीनदा नको, एकदाच लाव." मी दर वेळी नवं कारण काढायचे. मग तिनं विचारणं सोडलं. मी शिकले म्हणून मला त्या जुन्या गोष्टींची लाज वाटते, असं तिला वाटलं असावं. मी तसं वाटू दिलं.

तेराव्याला तिची थोरली बहीण सापगावहून आली होती. भांडी आवरताना आम्ही दोघीच मागच्या पडवीत होतो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अक्का, वहिनीचा मणका माझ्या पायानं चेपला हो." तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "काय बोलतेस गो? चिंचेवरून पडली होती ती, वयात यायच्या आधी. महिनाभर जागची हलली नाय. पन पोरीच्या पाठीत खोट हाय म्हटल्यावर लगीन कोन करील? आयनं आमाला शपथ घातलेली, तिच्या सासरी कोनी बोलायचं नाय." अक्का पुढं म्हणाली, "आनि तुजा पाय? ती हसायची आमच्याकडं येऊन. म्हनायची, ताई येवढी भिते की पाय लुगड्यालाच लागतो, पाठीपरेंत येतच नाय."

"मग ती दरवर्षी झोपायची कशाला?"

"आवनीत सुनेला दिवसा आडवं कोन होऊ देतं? तू पाय लावलास का घटकाभर कोनी उठवायचं नाय तिला. त्याचीच वाट बघायची ती."

परवा दुपारी धसईला गेले होते. दादा ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. मी माजघरात गेले, घोंगडी घातली आणि पालथी पडून राहिले. थोड्या वेळानं दादा दारात आला. "बरं नाय का वाटत?" मी म्हटलं, "बरी आहे रे. जरा आडवी झालेय." "झोप झोप," तो म्हणाला आणि दार ओढून घेऊन गेला. दिवसा आडवं व्हायला मला एवढंच बोलावं लागलं.