खोटा काटा

बाळारामकाका बांधलेल्या होडीत चढले की आधी डिझेलच्या काट्याच्या काचेवर बोटाने टकटक करायचे. टाकी भरलेली असो की रिकामी, काटा अर्ध्यावरच. "खोटारडा हाय," असं म्हणून ते त्याला एक शिवी हासडायचे.

मी कोलशेतला त्यांच्या शेजारी राहायला आलो. मी इन्व्हर्टर बसवतो हे कळताच त्यांनी मला हाताला धरून खाडीवर नेलं. काय घडलं ते तिथंच सांगितलं. एकदा काट्याने अर्धी टाकी दाखवली, म्हणून ते निर्धास्त निघाले. भर ओहोटीत इंजीन बंद पडलं. होडी रुतू नये म्हणून सोबत असलेल्या त्यांच्या बायको, हौसाकाकू, ढकलायला उतरल्या. पाय घसरला, खुबा मोडला. तेव्हापासून त्या खाटेवर होत्या.

"ह्यो काटा सुधारल्याबिगर मना होडी काढायची नाय," काका म्हणाले.

कितीतरी रविवार त्यात गेले. वायरी बदलल्या, गंजलेली टोकं घासली. शेवटी टाकीवरची वायर सोडवून मी इंजिनाच्या लोखंडाला टेकवली, तर काटा ताडकन टोकाला गेला. म्हणजे काटा धड होता, दोष टाकीत होता. आत डिझेलवर तरंगणाऱ्या गोळ्याचा दांडा वाकून पत्र्याला अडकला होता. काकांनी तो पकडीने सरळ केला. डिझेल ओतलं तसा काटा हळूहळू चढला.

मला वाटलं, आता हसतील. ते उठले आणि तडक घरी गेले. मी मागोमाग.

"झाला गं बरोबर," खाटेपाशी उभं राहून ते म्हणाले.

"नि माजा पाय?" काकूंनी विचारलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

काकांनी होडी पुन्हा काढली नाही. काठावरही ते फारसे दिसेनात. पावसाळ्याआधी काकू गेल्या. मुलगी काकांना कल्याणला न्यायला आली, तेव्हा त्यांनी होडी दिवा गावच्या एका माणसाला देऊन टाकली.

"काटा मस्त चालतोय की!" तो खुशीत म्हणाला.

काकांनी त्याच्या हातात बांबूची एक काठी दिली. "त्याच्यावर जाऊ नको. निघताना टाकीत ही बुडवून बघ."

होडी वळणाआड गेली. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी रोज बुडवायचो रं. त्या दिशी तिनं आठवन पन केली होती. मी म्हटला, काटा हाय ना."