मूठ सुटेपर्यंत

निजामपुऱ्याजवळच्या झोप तपासायच्या लॅबमध्ये मी आठवड्यातून दोनदा धुतलेल्या चादरी पोचवतो. तिथला टेक्निशियन मला भेकडच वाटायचा. कानावर पेन्सिल, आणि काही विचारलं की आधी चष्मा पुसणार, मग म्हणणार, "देखना पडेगा, काका."

लॅबला माणूस कधी झोपला, कधी जागा हे ओळखणारं नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. दोन आली होती ट्रायलला. त्याने एका जुन्या रात्रीचं रेकॉर्डिंग दोन्हींत घालून बघितलं. ती रात्र माझ्या बायकोची निघाली. तिची तपासणी इथेच झालेली. पुढे ती गेली.

"काका, राग मानू नका," तो म्हणाला. "इथे एक म्हणतंय झोपल्यात, दुसरं म्हणतंय जाग्या. मला पण ठरवता येईना. तुम्ही बघाल?"

व्हिडिओत ती डोळे मिटून पडली होती.

"जागी हाय," मी म्हटलं. "झोपली की तिची मूठ सुटते. जन्म कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेला, तुमच्या शांततेत कुठली झोपतेय."

अशा पाच-सहा जागा त्याने दाखवल्या. मग चष्मा पुसला आणि एका सॉफ्टवेअरच्या नावावर पेन्सिलीने काट मारली. व्हिडिओ मात्र चालूच ठेवून चहा सांगायला बाहेर गेला. चहा तो रोज फोनवर सांगतो.

याला झापावं की याचे पाय धरावे, मला कळेना. पडद्यावर तिची मूठ हळूहळू सुटली.

मी चादरींचं गाठोडं आवाज न करता खाली ठेवलं.